कॉलरवरची गळपट्टी

गादीवर कपड्यांचे तीन जोड मांडून ठेवले होते आणि सूरज त्यांच्याकडे पाठ करून खिडकीत उभी होती. जिनं नेसायचं ती गप्प आणि बाकीच्या दोघींचं जुंपलेलं, हे या घराला नवं नव्हतं. पण आज भांडायला सवड नव्हती. मंचरच्या पाहुण्यांच्या दमणीचे बैल ओझरपर्यंत आले, असं दुकानातल्या गिऱ्हाइकानं येऊन सांगितलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकायची होती.

"घागराच," प्यारीबाई म्हणाली. घरातल्या थोरल्या पोपटलालची बायको, म्हणजे सूरजची चुलती. आई गेल्यापासून त्या पोरीची मोठीबाई, जे काय म्हणायचं ते, तीच. "घागरा, वर ओढणी, आन् गळ्यात गळपट्टी. मंचरवाले आपल्याच वाळवंटी मुलखातनं आलेले. त्यांच्याम्होरं पोरगी काय मड्डम करून बसवू?"

"आणि ओढणी घसरली म्हणजे?" चंदा म्हणाली. ही प्यारीबाईची सून, पुण्याच्या भवानी पेठेत वाढलेली. तिसरा जोड तिनंच आपल्या पेटीतून काढून आणला होता. "बाईजी, सूरजनं जन्मात घागरा घातला नाही. तो पायात येणार, ती तो सावरायला वाकणार आणि ओढणी जाणार खांद्यावर. मग काय करायचं?"

मग काय होणार ते दोघींनाही ठाऊक होतं. सूरजच्या गळ्यावर, डाव्या कानाच्या खाली, अंगठा बसेल एवढी खोलगट खूण होती. कातडी तिथं आवळून गुळगुळीत झालेली. पहिल्या प्लेगात तिथं गाठ उठली, फुटली, आणि पोर वाचली. ओतूरच्या पेठेत गाठ येऊन वाचलेलं लेकरू म्हणजे नवलच; पण सोयरिकीच्या बाजारात असलं नवल कुणाला नको असतं. दोन घरची माणसं येऊन गेली होती. खूण दिसली तशी दोन्ही घरची माणसं दुधाच्या पेल्याला हात न लावता उठली.

प्यारीबाईनं डबी उघडली. सोन्याच्या लहान चौकटी लाल पट्टीवर ओळीनं शिवलेल्या, खाली मोत्यांची किनार, मागं बांधायला रेशमी दोरी आणि दोरीला गोंडे. गळपट्टी लोंबत नाही, गळ्याला धरून बसते. ती पहिल्यांदा अंगावर चढली तेव्हा प्यारीबाई अकरा वर्षांची होती. आईनं मागून तिची वेणी उचलून धरली आणि सासूनं दोरीला गाठ मारली. तिकडची रीतच तशी. मुलाच्या आईनं आपल्या घरचं सोनं स्वतःच्या हातानं मुलीच्या गळ्यात बांधायचं, मुलीच्या आईनं वेणी धरायची. पोरगी या हातातून त्या हातात गेली. देशावर आल्यापासून एवढं कोण करतंय! चंदाला तर तिनं हीच गळपट्टी लग्नात डबीसकट देऊन टाकली होती आणि महिन्यानं सांभाळायला म्हणून परत घेतली होती.

"घागऱ्यावर ही शोभते, नाही कोण म्हणतं?" चंदानं गळपट्टी हातावर घेतली. "पण वरून ओढणी आली की दिसते कुठं? लुगड्यावर घालायची तर चोळीचा गळा उघडा पडतो. मग खाली मोहनमाळ हवी, नाहीतर मधली जागा ओकीबोकी दिसते, आणि तसं दिसलं की माणसाची नजर तिथंच जाते. आता हे पोलकं बघा. गळ्याला उभी कॉलर, पुढं बटणं. गळपट्टी कॉलरच्या वरून बांधायची. दुसरं काही नाही, गळ्यात गर्दी करायचीच नाही. साडी गोल नेसायची, पदर खांद्यावर पिनेनं पक्का. खूण कॉलरच्या आत आणि बघणाऱ्याचे डोळे सोन्यावर."

"आन् कुणी इचारलं, ही कसली तऱ्हा म्हणून?"

"पुण्याची म्हणायचं. पुण्याचं नाव काढलं की मंचरला पुढं कुणी विचारत नाही."

प्यारीबाईला पोलकं पटलं नव्हतं, कॉलर मात्र पटली. नाखुशीनं तिनं घागरा घडी घालून बाजूला ठेवला. मधला जोड हिरव्या लुगड्याचा होता. तो सूरजनं स्वतः आणून ठेवलेला, तिच्या आईचा. त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही.

"मोठीबाई," खिडकीतून सूरज म्हणाली, "बानूआई आलीया. दुकानाम्होरं उभी हाय."

प्यारीबाई ताडकन उठली. खूण दिसली तर एक सोयरीक मोडेल, एवढंच. पण खुणेमागची गोष्ट पाहुण्यांच्या कानावर गेली तर साऱ्या जातीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. तिनं घाईनं दिराला हाक मारली.

"पारसमल, त्या बाईला वाटेला लावा आधी. आजच्या दिवस तरी तिची सावली दिसायला नको."

पारसमल दुकानाच्या पायऱ्या उतरला. सूरजचा बाप असूनही त्याला या घरात फारसं कुणी काही विचारत नसे, आणि त्यानंही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. आपला विचारायचा हक्क आपणच घालवला, असं त्याचं पक्कं मत होतं.

बानूबाई समोरच्या कडुनिंबापाशी उभी होती. पिकल्या केसांची, काळ्या लुगड्यातली, खांद्यावर घोंगडी.

"रामराम, शेठ. मेंढरं खोडदच्या रानात बसवल्याती. घरधनी म्हनला, पोरीला बघाया येनारेत, जा, डोळं भरून बघून ये."

"बानूबाई, आज..." पारसमल वळून दुकानाकडे बघू लागला.

बानूबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आत न्हाई यायची मी. मला काय कळत न्हाई व्हय? हितनंच बघंन, दारात आली का दिसंल."

"हितनंबी नको. पावणं आता येतील. कुणी इचारलं, ही कोण, तर..."

"तर काय सांगाल?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. रागानं विचारलं असतं तर पारसमलला बरं वाटलं असतं.

काय सांगणार होता तो? प्लेगात गाव रिकामं झालं, सगळे मांडवीकाठच्या मळ्यात झोपड्या घालून राहिले. तिथंच सूरजची आई गेली. तिला पोचवून येतायत तोवर पोर फणफणलेली आणि गळ्याला गाठ. घरात प्यारीबाईची तीन लेकरं होती. ती लेकरं कवटाळून प्यारीबाई रडत होती, इथं नको, इथं नको म्हणत होती. पोपटलालनं दुसऱ्या मळ्यात जायचं ठरवलं. सहा वर्षांची पोर काही वाचत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि झोपडीचं दार ओढून घेतलं. ते दार पारसमलनं स्वतःच्या हातानं ओढलं होतं.

शेजारच्या रानात जानकू धनगराची मेंढरं बसली होती. रडणं ऐकून त्याची बायको बानूबाई आली आणि पोरीला उचलून आपल्या पालात घेऊन गेली. होळी झाल्यावर तिनं तिला आणून सोडलं; डोकं भादरलेलं, हाडांचा सापळा, पण जिवंत. मेंढीचं दूध पाजलं म्हणाली, बाजरीच्या कण्या भरवल्या म्हणाली. आणखी काय काय भरवलं ते जैनाच्या या घरात कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. प्रवचनाला स्थानकात जमल्यावर सगळ्यांनी सांगितलं, पोर नारायणगावला मामाकडं होती.

"जाते मी, शेठ," बानूबाई म्हणाली. "तुमी घाबरू नगा. हिरीवर बसते जरा, पानी पिते आन् जाते."

पारसमल तिच्या पाठीकडे बघत राहिला. बोलवावं तिला, असं त्याला फार वाटलं. पण नुसतं वाटण्यानं पाय हलत नाहीत. त्याचे आजवर कधीच हलले नव्हते.

आत चंदा सूरजला साडी नेसवत होती. गोल साडीच्या निऱ्या, पदराला पीन. मग तिनं पोलक्याची बटणं एकेक करून वरपर्यंत लावली. कॉलर गळ्याला बसली, खूण नाहीशी झाली, आणि चंदा मागं सरून बघू लागली. तिला आपलंच कौतुक वाटलं.

"बघ, कशी दिसतेस! आता मान ताठ ठेव. कॉलर घातली की मान आपोआप ताठ राहते."

सूरजनं आरशात पाहिलं नाही. "बानूआईला कुणी घालवलं?"

"असेल कुणीतरी. कोण आहे गं ती? दूधवाली?"

"तिनं मला जगवलं."

चंदाच्या हातात गळपट्टीची दोरी होती, ती तशीच राहिली. लग्न होऊन या घरात आल्याला तिला दोन वर्षं झाली होती. प्लेगाची खूण एवढंच तिला सांगितलेलं. सूरजनं तिला सारं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. तांब्या, ओढलेलं दार, पाल, दूध. "आन् वशाट पण," ती म्हणाली. "ताप उतरंना तवा मेंढराचा रस्सा पाजला. मला चव आठवती अजून."

चंदानं दोरी धरलेला हात मागं घेतला. तिच्या माहेरी कांदासुद्धा येत नसे. पण समोरची पोर तिच्या डोळ्यांत बघत होती, आणि चंदाला एकदम त्या पोरीची नाही, या घराची किळस आली. आजच्याच सकाळी याच घरासाठी ती एवढी राबली होती. तिला रडू आलं.

"हे कुणाला बोलू नकोस," तरी ती म्हणालीच. "सूरज, ऐक माझं. लग्न होऊ दे आधी. मग नवऱ्याला सांग, सावकाश सांग."

"झाकून न्यायचं?"

"सगळ्याच जणी काही ना काही झाकून नेतात."

चंदानं कॉलरवर गळपट्टी बांधली. पांढऱ्या कापडावर सोनं खरोखरच उठून दिसत होतं.

पाहुणे आले. मुलाची आई सुगनबाई अंगानं भरलेली होती आणि तिचा आवाज अगदी हळू. अशा बायका प्यारीबाईला नेहमी भारी पडत, कारण त्यांचं ऐकायला इतरांना गप्प व्हावं लागतं. बरोबर तिची मोठी जाऊ होती. पुरुषमाणसं बाहेर दुकानाच्या बैठकीवर पोपटलालपाशी बसली होती. आत फक्त बायका आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलेला पारसमल.

सगळं नीट चाललं होतं. सूरजनं विचारलं तेवढं सांगितलं. पापड कसे लाटतेस, सामायिकाचे पाठ येतात का, वाचता येतं का. जाऊबाईनं कॉलरकडे बोट केलं तेव्हा चंदा लगबगीनं म्हणाली, "पुण्याला आता अशीच पद्धत आहे," आणि खरंच कुणी पुढं विचारलं नाही. प्यारीबाई मनातल्या मनात सुनेवर खूश झाली.

तेवढ्यात सुगनबाईनं मांडीवरच्या रुमालाची गाठ सोडली. आत डबी होती.

डबीत काय ते प्यारीबाईनं ओळखलं. ही रीत तिला ठाऊक नव्हती असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याला घराबाहेर काढलं असतं. तिच्याच गळ्यात तशी गाठ पडली होती. आणि तरी सकाळपासून काय झाकावं, कसं झाकावं यात ती इतकी बुडाली होती, की समोरची बाईही तिकडचीच आहे आणि तिचे हातही गळ्यापर्यंत येतील, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"आमच्यात बघायला आलं, पोर मनाला आली, की तिथंच बांधत्यात," सुगनबाई म्हणाली. "मला पोर आवडली. ये बाई, जवळ ये."

"अवं, आता कशाला घाई?" प्यारीबाई म्हणाली. "लग्नात बांधा की."

"आणि कॉलरवरून छान बसेल," चंदा म्हणाली. "ही काढते मी, तुमची वरून..."

"कापडावर बांधत न्हाईत गं. सोनं अंगाला लागलं पायजे." सुगनबाई हसली. "बटण सोड, बाई. परकं कुणी न्हाई हितं. वेणी कोण धरणार? तुमीच ना?"

"मी हाय की," प्यारीबाई म्हणाली.

सूरजनं मागं हात नेऊन गळपट्टीची दोरी स्वतःच सोडली. गळपट्टी तिनं प्यारीबाईच्या मांडीवर ठेवली. मग पोलक्याचं वरचं बटण काढलं, त्याच्या खालचं काढलं, आणि कॉलर दोन्ही हातांनी उघडून मान उजवीकडे वळवली.

"पिलेगाची गाठ व्हती," ती म्हणाली. "तुमाला दिसू नये म्हणून हे घातलं."

जाऊबाईनं तोंडाला पदर लावला. सुगनबाई मात्र वाकून बघत होती.

"केवढी हुतीस?"

"सहा वर्सांची."

"कुणी केलं तुझं?"

"घरच्यांनीच की," प्यारीबाई म्हणाली. उत्तर इतकं पटकन आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. आठ वर्षं ते जिभेवर तयारच असावं. तिनं सूरजकडे पाहिलं. नुसतं गप्प राहायचं होतं पोरीनं. खूण सुगनबाईनं सोसली होती, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. आता फक्त गप्प राहिली की गाठ पडलीच.

"घरची मानसं दुसऱ्या रानात गेली व्हती," सूरज म्हणाली. "मी मरणार असं त्यांना वाटलं. जानकू धनगराच्या बानूबाईनं मला तिच्या पालात नेलं. होळीपतुर मी तिच्यापाशी व्हते. तिच्या हातचं खाल्लं. समदं खाल्लं."

जाऊबाई उठून उभी राहिली. "चला, सुगनबाई. उठा."

सुगनबाई उठली नाही. तिनं हात पुढं केला आणि बोटाच्या टोकानं त्या खुणेला स्पर्श केला.

"दुखतं?"

"न्हाई."

"माझी लेक हुती, जडाव," सुगनबाई म्हणाली. आवाज आधीच हळू, आता तर सगळ्यांनाच पुढं वाकावं लागलं. "तुझ्याच वयाची. तिलाबी गाठ आली. आमीबी झोपडीत ठिवली, आन् लांब गेलो. आमच्याबी घरात दुसरी लेकरं हुती. मग कुणी म्हणालं, आता आटोपलं असंल, तवा बघायला गेलो. आटोपलं हुतं. पण उशापाशी तांब्या ठिवला हुता भरून, तो रिकामा हुता." ती थांबली. "सांडला नव्हता. तिनं पिऊन संपवला हुता. म्हंजे मागनं कितीतरी वेळ ती जागी हुती, बाई. पाणी पीत हुती."

दारातला पारसमल खाली बसला. भिंतीला डोकं टेकून तो लहान पोरासारखा रडू लागला आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

"जाऊबाई, तुमी भाईर बसा वाटल्यास," सुगनबाई म्हणाली. "घरी जे सांगायचं ते मी सांगीन. मोठी माणसं मानतील का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पुढं मोडलं तर त्यांनी मोडावं. मी आज माझ्या हातानं बांधणार." तिनं डबी उघडली. "वेणी धरा."

प्यारीबाई सूरजच्या मागं गेली. तिनं वेणीखाली हात घातला. लांब, जाड, तेल लावून सकाळी तिनंच घातलेली वेणी. आठ वर्षं तीच घालत आली होती, आणि प्रेमानं घालत होती, हेही खोटं नव्हतं. पण हात वर जाईना. तो तांब्या तिनंच भरला होता. पोर किती वेळ पाणी प्याली असेल, हा विचार आठ वर्षांत तिनं एकदाही मनात येऊ दिला नव्हता.

तिनं वेणी सोडली आणि ती बाहेर निघाली. दुकानातून, बैठकीवरच्या परक्या पुरुषांसमोरून, पदर ओढायचंही भान न ठेवता. पोपटलाल "अगं, अगं" करत उठला. ती पायऱ्यांवर उभी राहिली. विहिरीच्या कठड्याशी घोंगडी दिसत होती.

"बानूबाई!" तिनं भर पेठेत हाक मारली. "आत ये. वेणी धरायला आई लागती."

बानूबाई जवळ आली, पण पायरीशी घुटमळली. "परसातनं येऊ का?"

"न्हाई. हितनंच."

आतल्या खोलीत बानूबाईनं आधी हात लुगड्याला पुसले, मग पुन्हा पुसले. "लोकरीचं हात हायेत, बया. वास येतोय."

"येऊ दे," प्यारीबाई म्हणाली आणि बाजूला सरून तिनं जागा करून दिली.

बानूबाई सूरजच्या मागं बसली. वेणी तिनं दोन्ही हातांत घेतली आणि मानेवरून वर उचलली. सुगनबाईनं उघड्या गळ्याला सोनं लावून दोरी मागं आणली. खूण त्याच्या वरच्या काठाला अर्धी दिसत राहिली.

"तवा डोकं भादरलं व्हतं हिचं मी," बानूबाई कुणाकडेच न बघता म्हणाली. "लई जड झाली गं, सुरजे."

सुगनबाईनं गाठ मारली.